हुकलेली ग्रहणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचून दाखविलेले भाषण)



चारचौघींपुढे उभे राहून बोलण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्हाला ज्यातले कळते त्यावर बोला." मी दोन दिवस विचार केला. स्वयंपाकावर बोलावे तर इथे माझ्यापेक्षा सुगरणी पुष्कळ. विणकाम-भरतकामाचे बक्षीस तर दरवर्षी ठरलेल्या दोघींकडेच जाते. मग ध्यानात आले की, एका गोष्टीत माझा हात धरणारी या सभेत कोणी नाही. ती गोष्ट म्हणजे सूर्यग्रहण हुकविणे! माझ्या आयुष्यात जेवढी म्हणून मोठी सूर्यग्रहणे आपल्या देशावरून गेली, तेवढी सारी मी हुकविली आहेत, आणि प्रत्येक वेळी निराळ्या कारणाने.

आरंभ जन्माआधीपासून आहे. १९८० सालच्या फेब्रुवारीच्या १६ तारखेला दुपारी मोठे ग्रहण झाले. अंकोला, हुबळी, रायचूर या बाजूला ते खग्रास होते, आणि आपल्या खानदेशात सूर्याचा बराच भाग झाकला गेला होता. मी तेव्हा आईच्या पोटात होते, सहावा महिना. आजीने आईला माजघरात बसवून दार ओढून घेतले. हाताशी विळी नाही, सुई नाही, घोटभर पाणीसुद्धा नाही. आई सांगे, "रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. भर दुपारी गाव मेल्यासारखे झाले होते." ते ग्रहण आईने पाहिले नाही, मग मी कुठून पाहणार? त्याचा दोष मी स्वतःकडे घेत नाही.

दुसरे ग्रहण १९९५ सालच्या २४ ऑक्टोबरचे. आदल्याच दिवशी लक्ष्मीपूजन झालेले. राजस्थानात नीम का थाना आणि बंगालमध्ये डायमंड हार्बर या बाजूला खग्रास, आपल्याकडे सकाळी खंडग्रास. मी पंधरा वर्षांची होते. शाळा सुटून दोन-तीन वर्षे झाली होती, पण धाकटा भाऊ शाळेत जात होता. त्याच्या गुरुजींनी मुलांना कागदी चौकटीचे खास काळे चष्मे आणून दिले. घरात चष्मा एक आणि डोळे आठ जणांचे. भावाने पाहिले, त्याच्या मित्रांनी पाहिले, काकांनी 'थोतांड, थोतांड' म्हणत दोनदा पाहिले. मी मात्र आजीच्या हुकमाने घरभर तुळशीची पाने ठेवीत फिरत होते. लोणच्याच्या बरणीत पान, दुधात पान, फराळाच्या डब्यांत पान. दिवाळीचे डबे ते, थोडे का होते! चकलीच्या डब्यापर्यंत पोचले तोच बाहेर "दे दान, सुटे गिऱ्हाण" अशी आरोळी ऐकू आली. धावत अंगणात गेले, चष्मा हाती घेतला, वर पाहिले, तो सूर्य आपला वाटोळा गरगरीत! त्या दिवशी मी रडले होते.

भाऊ मग मला समजावून सांगू लागला. सूर्य चंद्राच्या सुमारे चारशे पट रुंद आहे, पण तो आपल्यापासून चंद्राच्या सुमारे चारशे पट लांबही आहे. म्हणून दोघे आकाशात सारखेच दिसतात, आणि एखाद्या अमावास्येला चंद्र नेमका मधे आला की सूर्याला झाकून टाकतो. चंद्राची दाट सावली पृथ्वीवर एका चिंचोळ्या पट्ट्यातून धावत जाते. त्या पट्ट्यात असेल त्यालाच खग्रास दिसते. एखाद्या ठिकाणी एकदा खग्रास दिसले की पुन्हा दिसायला सरासरीने पावणेचारशे वर्षे लागतात. हा आकडा तेवढा नीट ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

तिसरे ग्रहण आले ११ ऑगस्ट १९९९ रोजी. आता जे सांगते ते हसण्यासारखे नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच सांगते.

माझ्या लग्नाला सहा महिने झाले होते. तो दिवस आषाढातल्या दिव्यांच्या अवसेचा. ग्रहण संध्याकाळचे होते. सावली गुजरातेतून आंध्राच्या किनाऱ्याकडे जाणार, असे रेडिओवर सांगत होते. मी घासलेले दिवे पुसून पाटावर मांडीत होते. जाऊबाईंना सातवा महिना होता, त्या आत बसून होत्या. सासूबाई देवापाशी होत्या. मला राहवेना. पंधराव्या वर्षीची हळहळ मनात होतीच. मी हळूच अंगणात गेले. आभाळ गच्च भरलेले. एका ठिकाणी ढग जरा पातळ झाल्यासारखा वाटला, म्हणून मी दारातून हाक मारली, "ताई, या ना पटकन, दिसेल आता."

त्या म्हणाल्या, "नको ग बाई, आत्याबाई रागावतील."

मी म्हटले, "एक मिनिट फक्त."

त्या आल्या. आम्ही दोघी मिनिटभर वर पाहत उभ्या राहिलो. दिसले काहीच नाही. ढग पुन्हा मिळून आला आणि पावसाचे थेंब पडू लागले. त्या परत आत गेल्या तेव्हा त्यांच्या ओल्या पायांचे ठसे ओटीवर उमटले. ते सासूबाईंनी पाहिले.

ऑक्टोबरात त्यांना मुलगा झाला. त्याचा वरचा ओठ नाकापर्यंत चिरलेला होता. त्याला अंगावर ओढता येत नसे. वाटी-चमच्याने थेंब थेंब दूध पाजावे लागे, आणि ते नाकातून बाहेर येई. घरात, गल्लीत, बारशाला आलेल्या बायकांत एकच बोलणे, "गिऱ्हाणात बाहेर पडली, मुलाला भोवले." जाऊबाई मान खाली घालून ऐकत. 'मला धाकटीने बोलाविले होते' हे एक वाक्य त्यांनी कधी उच्चारले नाही. आणि भगिनींनो, मीही उच्चारले नाही. मी नवी नवरी होते, भ्याले होते, हे खरे, पण तो डाग मी दहा वर्षे मनात घेऊन वावरले. ज्या ग्रहणाचा कणसुद्धा दिसला नाही, त्याचा दोष मात्र सगळ्या गावाला दिसला होता.

पुढल्या वर्षी मुलाच्या ओठाचे ऑपरेशन झाले. पुढे आमच्या घरच्यांना सुरतेला लूमवर काम मिळाले आणि आम्ही उधन्याला बिऱ्हाड केले. तिकडे आपले खानदेशी लोक इतके की परमुलखात आल्यासारखे वाटले नाही. उणीव एकच होती. लग्नाला दहा वर्षे होत आली तरी घरात पाळणा हलला नव्हता. नवस झाले, दवाखाने झाले. आणि २००९ साली देवाने ऐकले. जुलैत मला पाचवा महिना लागला.

आणि त्याच जुलैच्या २२ तारखेला खग्रास सूर्यग्रहण आले! कुठे, तर सुरतेला! या शतकातले सर्वांत लांब ग्रहण. प्रशांत महासागरावर त्याची खग्रास स्थिती साडेसहा मिनिटांच्या वर टिकली, आणि आमच्या सुरतेतही ती तीन मिनिटांहून अधिक होती. सकाळी सहा वाजून एकवीस मिनिटांच्या सुमारास चंद्राची सावली आमच्या घरावरून जाणार होती. लांबलांबचे लोक त्यासाठी सुरतेला आले. मला तर फक्त जिन्याच्या वीस पायऱ्या चढून गच्चीवर जायचे होते. पावणेचारशे वर्षांचा तो हिशोब आठवा. ज्या गोष्टीसाठी माणसे समुद्र ओलांडतात ती माझ्या घराच्या कौलावर, म्हणजे पत्र्यावर, आपण होऊन येत होती.

मी गेले नाही.

आजवर ज्यांनी विचारले त्यांना मी सांगत आले की सासूबाईंनी मला खोलीत कोंडून ठेवले. तुमच्यापैकी कितीकींनी हे माझ्या तोंडून ऐकले आहे. आज सर्वांसमक्ष सांगते, ते खोटे होते. सासूबाई त्या वेळी गावी होत्या. फोनवर त्या एवढेच म्हणाल्या, "पोरी, जिवाला जप." आता त्या नाहीत. आपली बाजू सांगायला त्या येणार नाहीत, म्हणून मला खरे सांगितलेच पाहिजे. खिडकीला चादर मी लावली. दाराच्या फटीत जुने लुगडे मी कोंबले. आमचे घरचे म्हणाले, "अग, नुसती दारात तरी ये." मी नाही म्हटले. माझ्या डोळ्यांपुढे जाऊबाईंच्या लेकराचा ओठ होता. दहा वर्षांनी पदरात पडणारे दान, आणि त्याला माझ्या हौसेने दृष्ट लागली तर? मी भिंतीला पाठ लावून, पोटावर हात ठेवून बसून राहिले.

अंधाऱ्या खोलीत ग्रहण कसे असते ते माझ्याइतके कोणाला ठाऊक नसेल. उजाडताना चिमण्यांची किलबिल सुरू झाली होती, ती हळूहळू थांबली. चादरीच्या कडेने उजेडाची एक रेघ आत येत होती, ती राखाडी झाली आणि मग विझली. गच्च्यांवरून लोकांचा एकदम 'हो' असा आवाज उठला. पोटात बाळ हलले. मला वाटले, त्यालाही बाहेर काही झाल्याचे कळले. थोड्या वेळाने रेघ पुन्हा उजळली. झाले! एवढेच माझे खग्रास.

घरचे खाली आले. मी विचारले, "कसे दिसले?" ते म्हणाले, "कसले काय! ढग होते. सूर्य दिसलाच नाही. नुसता काळोख झाला, दिवे लागले, आणि पुन्हा उजाडले." त्या दिवशी बिहारात तारेगना नावाच्या गावी हजारो लोक जमले होते, तिथेही ढगांनी दगा दिला. काशीला मात्र छान दिसले म्हणतात. म्हणजे गच्चीवर गेले असते तरी माझ्या वाट्याला ढगच होते. तुम्ही म्हणाल, मग हळहळ कशाला? मीही तसेच मनाला समजाविले. पण समाधान होईना. ढगाआड हुकले ते दैव म्हणून सोडून देता येते. चादरीआड हुकले त्याला दैव म्हणवेना. आणि तो काळोख तरी! तीन मिनिटांची ती रात्र तरी माझ्या अंगावरून गेली असती.

नोव्हेंबरात मुलगी झाली. हातीपायी धड, देखणी. मी मनात म्हटले, चादर लावली म्हणून. त्याच समजुतीत मी आणखी दीड वर्ष काढले.

२०११ साली जाऊबाईंच्या मुलाचे हिरडीचे ऑपरेशन ठरले. असे ऑपरेशन मूल आठ-दहा-अकरा वर्षांचे झाले की करतात. सोबतीला मी गेले, कडेवर माझी मुलगी. तिथल्या डॉक्टरांनी विचारपूस केली, तेव्हा जाऊबाई सवयीने म्हणाल्या, "गिऱ्हाणात बाहेर पडले होते."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "कितवा महिना होता?"

"सातवा."

"बाई, बाळाचा ओठ जुळतो तो पहिल्या दोन महिन्यांत. सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत ते काम होऊन जाते. तुम्ही अंगणात गेलात त्याच्या कितीतरी आधी ओठ जसा व्हायचा तसा झाला होता. जगात कित्येक मुले अशी जन्मतात, ग्रहण असो वा नसो. थोडे घराण्यातून येते, थोडे आणखी कशाकशाने होते. नेमके एक कारण आम्हालाही सांगता येत नाही. गरोदरपणी तंबाखू आणि धूर टाळावा, मनाने औषधे घेऊ नयेत, हे खरे. पण सूर्याचा आणि चंद्राचा यात काही संबंध नाही."

जाऊबाई काही बोलल्या नाहीत. बाहेर बाकावर येऊन बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. बारा वर्षांचे रडणे होते ते. मी त्यांचा हात धरून म्हटले, "ताई, त्या दिवशी तुम्हाला मी बोलाविले होते. मी कधी सांगितले नाही."

त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक नाही? तू नवी होतीस. तुझे नाव घेतले असते तर तुला या घरात कोणी उभे केले नसते. माझे काय, दोन पोरांची आई होते, ऐकून घेतले."

भगिनींनो, माझी ग्रहणे हुकली त्यात नवल नाही. पण या माउलीच्या बारा वर्षांना जे ग्रहण लागले होते ते कोणत्या पंचांगात होते? सातवा महिना कितवा आणि ओठ केव्हा जुळतो, एवढी एक गोष्ट आमच्यापैकी एकीला ठाऊक असती तर ते लागलेच नसते. तो मुलगा आता मोठा झाला आहे, नोकरीला लागला आहे. ओठावरची बारीक रेघ मिशीखाली दिसतही नाही.

आता थोडे पुढचे. माझे दैव काही लगेच सुधारले नाही. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी ग्रहण झाले. केरळ-तामिळनाडूकडे सूर्याची बांगडी दिसली. इथे मी चष्मे आणून तयार बसले, तर डिसेंबरात ढग! नंतर कळले की दिल्लीत पंतप्रधानांनाही ढगांमुळे दिसले नाही. तेव्हा जरा बरे वाटले, की आपण एकट्या नाही. २१ जून २०२० ला पुन्हा ग्रहण, तेव्हा करोनाची टाळेबंदी आणि वर पावसाळा. माझा चेहरा पाहून लेकीने तिच्या पुस्तकातली एक गोष्ट वाचून दाखविली. ल जांती नावाचा एक फ्रेंच ज्योतिर्विद होता. सूर्यबिंबावरून शुक्राचा ठिपका सरकताना पाहायला तो १७६० साली घरून पाँडिचेरीला निघाला. वाटेत कळले की तिथे इंग्रज-फ्रेंच युद्ध पेटले आहे. १७६१ च्या त्या दिवशी तो भर समुद्रात, डुलणाऱ्या जहाजावर! तिथून मापे कशी घेणार? पुढचा योग आठ वर्षांनी होता. तो गडी घरी परतलाच नाही, इकडेच राहिला. १७६९ साली पाँडिचेरीत सर्व तयारी करून बसला, आणि नेमक्या त्या सकाळी ढग! अकरा वर्षांनी घरी गेला तर तो मेला असे धरून वारसांनी मालमत्तेची वाटणी चालविलेली. म्हणजे बघा, आपले बरे. आमच्या घरी परत आल्यावर निदान डबे तरी जागच्या जागी होते.

शेवटी २५ ऑक्टोबर २०२२ चा दिवस आला. पुन्हा लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस, १९९५ सारखाच. संध्याकाळी पाचच्या सुमारास खंडग्रास ग्रहण लागणार आणि सूर्य ग्रस्तच मावळणार. लेक बारा वर्षांची होती. चष्मे होतेच. ती म्हणाली, "आई, बुंदीचा झारा आण." लाडवांसाठी तो बाहेरच होता. तिने झाऱ्याची बरीचशी भोके कणकेने बुजविली, मधली चार-पाच लांब लांब मोकळी ठेवली, आणि गच्चीवर भिंतीपासून हात-दोन हातांवर उन्हात धरला. भिंतीवर उजेडाचे चार-पाच वाटोळे ठिपके पडले. पाहता पाहता प्रत्येक ठिपक्याचा एकेक तुकडा कुरतडला गेला, उंदराने भाकरी कुरतडावी तसा. मी चष्मा लावून वर पाहिले. बेचाळीस वर्षांचे माझे वय, आणि पहिल्यांदा मला ग्रहण दिसले!

जाऊबाईही आल्या होत्या. त्यांनी चष्मा घेतला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "एवढेसे तर आहे!"

त्यांच्या त्या तीन शब्दांत सारे आले. माझे भाषण इथेच संपले तरी चालेल, पण दोन कामाच्या गोष्टी सांगते. ग्रहण पाहताना साधा गॉगल, काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म किंवा परातीतले पाणी यांवर भरवसा ठेवू नका. डोळ्याच्या आतला पडदा भाजला तरी दुखत नाही, आणि मग इलाज नसतो. ग्रहणासाठीच बनविलेला प्रमाणित चष्मा घ्या, त्यावर ओरखडा असेल तर टाकून द्या. नाहीतर आपला झारा आहेच, पण त्याच्या भोकांतून सूर्याकडे पाहायचे नाही, सूर्याकडे पाठ करून भिंतीकडे पाहायचे. दुसरी गोष्ट, ज्यांना पाळायचे त्यांनी उपास करावा, स्नान करावे, दान करावे, मी कोणाची श्रद्धा मोडायला उभी नाही. पण कोणाच्या घरी अधू मूल जन्मले तर त्याच्या आईला 'ग्रहणात काय केलेस' असे विचारू नका. मुलाला दवाखाना दाखवा आणि तिला एक वेळचा स्वयंपाक करून द्या.

२ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडे संध्याकाळी खंडग्रास ग्रहण आहे. मिसर देशात ते सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास दिसेल. २ ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा, आणि पंचांगात पाहिले तर पुन्हा दिव्यांची अवसच! माझे दैव पाहता ढग येणार हे मी आताच लिहून देते. तरीही मी गच्चीवर जाणार. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे, गरोदर लेकीसुनांनाही आणावे. सूर्य नाही दिसला तर चहा तरी होईल.

एवढे बोलून माझे चार शब्द पुरे करते. काही चुकले असेल तर पदरात घ्यावे.